लाखोळीचे पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांची एक खोड होती. फळ्यावर गणित सोडवून आपण मोठ्या ऐटीत उत्तर सांगावे, 'पाच', आणि त्यांनी चष्म्यावरून बघत विचारावे, 'पाच काय? पाच बैल की पाच पायल्या?' एकक सांगितले की पुढचा प्रश्न यायचा, 'कशात मोजलेस? कधी मोजलेस?' त्या वेळी राग यायचा. आज मी ज्या आकड्याबद्दल बोलणार आहे, त्याला गेली साठ वर्षे हे दोन प्रश्न कोणी नीट विचारलेच नाहीत असे मला वाटते, म्हणून त्यांची आठवण आधी काढली.

विषय आहे अमिनो आम्लांची पातळी सांभाळणारे एन्झाइम आणि संगणकावर मांडलेले त्यांचे गणित. पाठ्यपुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात. आपण एन्झाइमच म्हणू, दवाखान्यातही तोच शब्द ऐकू येतो. पत्रिकेवर विषय वाचून काहींनी घरीच थांबायचे ठरवले असेल. जे आले आहेत त्यांच्यासाठी मी उदाहरण परदेशातले घेणार नाही. ते आपल्या बांधीतले आहे. लाखोळी.

माझी आजी लाखोळीची डाळ रात्री ऊन पाण्यात भिजत घालायची. सकाळी ते पाणी परसात ओतून द्यायची. मग दुसऱ्या पाण्यात डाळ चढवायची, आणि पहिली उकळी आली की तेही पाणी काढून टाकायची. कशाला, म्हणून विचारले तर म्हणे, 'गरमी निंगते.' आमच्या गावात एक म्हातारा दोन काठ्यांवर चालायचा. टाचा जमिनीला टेकत नसत, गुडघे एकमेकांवर घासत, आणि एक पाय दुसऱ्याच्या पुढे कातरीसारखा पडे. हात धडधाकट होते, डोके तल्लख होते. लोक म्हणत, 'लाखोळीनं धरलं.' तरुणपणी एका दुष्काळात महिनोन् महिने त्याच्या घरात दुसरे काही शिजले नव्हते. आजीने फेकलेले पाणी आणि त्या म्हाताऱ्याच्या काठ्या यांचा संबंध मला पुष्कळ उशिरा, प्रयोगशाळेत गेल्यावर कळला.

हा आजार आजचा नाही. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ ला गारपिटीने गहू गेला, १८३० ला पाऊस वेळेवर आला नाही, १८३१ ला पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षे लाखोळी मात्र, तिकडे तिला तिवडा म्हणतात, जोमाने उभी होती. लोकांनी तीच खाल्ली, आणि तिशीच्या आतल्या तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. स्पेनमध्ये गोया या चित्रकाराने नेपोलियनच्या युद्धातल्या दुष्काळाचे एक चित्र काढले आहे. त्याचे शीर्षकच लाखोळीचे आभार मानणारे आहे, आणि चित्रात पाय गेलेली एक बाई जमिनीवर पडलेली आहे. वाचवणारे पीकही तेच आणि पांगळे करणारेही तेच. चित्रकाराने हे शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले.

आपल्याकडे लाखोळी टिकली ती उतेऱ्यामुळे. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, बांधीत ओल असताना, उभ्या धानातच बी फेकायचे. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघाले की निळ्या फुलांची लाखोळी उरलेल्या ओलीवर वाढते. कोवळा पाला भाजीला, भुसा गुरांना, डाळ घरात. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या पट्ट्यात जिथे धानानंतर दुसरे काही येत नाही, तिथे ही फुकटात आलेली डाळ आहे. तिच्यात शेकडा पंचवीस-तीस प्रथिने असतात. मध्य भारतात कित्येक ठिकाणी मजुरी म्हणून हीच डाळ दिली जायची. मालकाच्या घरात तीच डाळ तांदळाबरोबर, दुधातुपाबरोबर खाल्ली जाई आणि कोणाला काही होत नसे. मजुराच्या घरात तिच्याशिवाय काही नसे. पांगळेपणाची वाटणी वाडा आणि वेठ यांच्या हिशेबाने झाली आहे, हे मी रसायनशास्त्राचा माणूस असूनही आधी सांगून ठेवतो.

१९६१ मध्ये अन्नभेसळ कायद्याच्या नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती लागू केली, शेजारच्या मध्य प्रदेशाने केली नाही. म्हणजे एकाच जंगलाच्या एका बाजूला ती डाळ आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा. पिकवायला मनाई नव्हती, विकायला होती. मग ती तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळून विकली जाऊ लागली, आणि पिकवणाऱ्याच्या हाती पडत्या भावाखेरीज काही राहिले नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली, उपोषणे केली. त्यांचा प्रत्येक शास्त्रीय दावा मला मान्य नाही, पण बंदीने गरिबाचेच ताट उचलले हे त्यांचे म्हणणे खरे होते. पुढे राज्याने बंदी उठवली. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडून रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांना हिरवा कंदील मिळाल्याच्या बातम्या आल्या. कारण एकच सांगितले गेले: या वाणांत विष कमी आहे.

आता या विषाकडे येऊ. बंदीनंतर तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक पदार्थ वेगळा काढला. त्याचे पूर्ण नाव एका श्वासात संपत नाही. सगळे त्याला ओडॅप म्हणतात. हे एक अमिनो आम्लच आहे, पण प्रथिनांच्या माळेत ओवले जाणारे नव्हे. दिसायला ते ग्लुटामेटसारखे असते. ग्लुटामेट हा आपल्या मेंदूतला निरोप्या आहे. तो मज्जापेशीला उठवतो आणि लगेच दूर केला जातो. ओडॅप त्याच जागी जाऊन बसते आणि पेशीला उसंत मिळू देत नाही. कंबरेखालच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या लांबच लांब मज्जापेशी त्यात मरतात. एकदा मेल्या की परत येत नाहीत. आता गंमत पाहा, चीनमध्ये जिनसेंगच्या कुळातली एक वनस्पती रक्तस्राव थांबवायला औषध म्हणून वापरतात, आणि तिच्यातला एक गुणकारी घटक म्हणून जो ओळखला जातो तो हाच ओडॅप! विष की औषध हे नुसत्या नावावरून ठरत नाही. किती आणि कशाबरोबर, ते पाहावे लागते. ओडॅप पाण्यात विरघळते. आजी परसात ओतायची ती गरमी हीच.

झाड हे विष बनवते कसे? इथे आपले मामा तलाव मदतीला येतात. माजी मालगुजारी तलावाची पाळ, मोरी, पाट आणि सांडवा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तलावात पाणी किती, हा प्रश्न तलावाच्या खोलीवर सुटत नाही. वरून किती येते, मोरीतून किती जाते, त्यावर पातळी ठरते. पेशीतली अमिनो आम्ले ही अशी एकाखाली एक तळी आहेत, आणि दोन तळ्यांच्या मधली प्रत्येक मोरी म्हणजे एक एन्झाइम. मोरीचे तोंड केवढे, यावर एका वेळी जास्तीत जास्त किती पाणी जाईल ते ठरते. मोरी निम्म्या जोराने वाहायला तळ्यात पाणी किती असावे लागते, हे दुसरे माप. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये हीच दोन मापे एका समीकरणात मांडली. शंभर वर्षे उलटली तरी एन्झाइमच्या गणिताची सुरुवात तिथूनच होते.

पण पेशीतल्या मोऱ्या आपल्या मोऱ्यांपेक्षा हुशार आहेत. खालची बांधी भरली की वरची मोरी आपोआप मिटावी, असा तलाव इथले तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांनीही बांधला नाही. पेशीत हे रोज चालते. शेवटचे अमिनो आम्ल पुरेसे झाले की ते उलट वर जाऊन पहिल्या एन्झाइमला चिकटते आणि त्याचे तोंड आवळते. कुठे एक एन्झाइम दुसऱ्याला बिलगून असेल तेव्हाच नीट काम करतो. सिस्टाइन हे गंधकवाले अमिनो आम्ल बनवणारी जोडी अशीच आहे. कच्चा माल साचला की जोडी सुटते आणि पहिला भिडू मंदावतो. गंधक मिळाले की पुन्हा जुळते. अशी दहा-पंधरा तळी, त्यांच्या मोऱ्या, त्यांच्यातले उलटे निरोप, हे सगळे एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. म्हणून संगणक. प्रत्येक तळ्यासाठी एक समीकरण: येणारे वजा जाणारे. सगळी समीकरणे एकदम सोडवायची आणि पाहायचे की पातळ्या कुठे स्थिरावतात. संगणकाचे प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, म्हणतात ते हे. त्यात जादू नाही, पाटकऱ्याचा हिशेब आहे.

या हिशेबाने जुन्या समजुती मोडल्या. आम्ही शिकलो तेव्हा प्रत्येक मार्गात एक 'मुख्य' एन्झाइम असतो असे शिकवले जाई. तो पकडला की सगळे हातात. १९७३ च्या सुमाराला स्कॉटलंडमध्ये कॅक्सर आणि बर्न्स यांनी दाखवले की प्रवाहावरचा ताबा बहुधा अनेक एन्झाइमांत वाटलेला असतो. समजा, चार मोऱ्या एकाखाली एक आहेत आणि तुम्ही दुसरी निम्मी मिटली. शेवटच्या बांधीत पाणी निम्मे होईल असे वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्या तळ्यातली पातळी चढते, दाब वाढतो, आणि निम्म्या तोंडातूनही जवळपास तेवढेच पाणी जाते. शेवटच्या आकड्यात फरक पडतो तो निम्म्यापेक्षा कितीतरी कमी. बियाणे सुधारणारे कित्येक वर्षांच्या मेहनतीनंतर हात चोळत बसतात, त्याचे एक कारण हे आहे.

२००९ मध्ये फ्रान्समधल्या जिल क्युरिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात अ‍ॅस्पार्टेटपासून निघणाऱ्या अमिनो आम्लांचे असे मॉडेल छापले. लायसिन, थ्रिओनिन, मेथिओनिन, आयसोल्युसिन ही सगळी त्याच ओढ्याचे फाटे आहेत. त्यांनी अंदाजाचे आकडे भरले नाहीत, मोजलेली मापे भरली, म्हणून मी हे काम मानतो. एकच काम करणारे चार भाऊ-एन्झाइम एकमेकांची नक्कल आहेत असा समज होता. हिशेबात त्यांचा वाटा अगदी असमान निघाला. आणि सगळ्यांत हळवे तळे थ्रिओनिनचे निघाले. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? लाखोळीत नेमकी मेथिओनिन आणि सिस्टाइन या गंधकवाल्या आम्लांची तूट आहे, आणि ज्याच्या आहारात ती कमी, त्याला विष जास्त बाधते असे मानायला आधार आहे. म्हणजे एकाच दाण्यात एक तळे उतरवायचे आहे आणि दुसरे चढवायचे आहे. शिवाय दोन्ही तळ्यांना पाणी एकाच ठिकाणाहून येते: सिस्टाइनसाठी लागणारा ओ-असिटिलसेरिन हा कच्चा माल ओडॅपच्या वाटेलाही लागतो.

ओडॅपच्या वाटेवरची शेवटची मोरी परवापर्यंत कोणी पाहिली नव्हती. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या मोशे गोल्डस्मिथ, दान ताव्फिक आणि त्यांच्या गटाने ती शोधली. तिचे नाव ओडॅप सिंथेज. २०२२ मध्ये तिची स्फटिकातून काढलेली घडणही छापून आली. अमिनो आम्लांची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये काढला होता. आज जगात कुठेही एखाद्या प्रथिनाची घडण जाहीर झाली, संगणकाने भाकीत केलेली का असेना, तरी ती त्या नकाशावर ठेवून तपासली जाते. लाखोळीचे विष ओळखले बंगळूरने, घडण तपासायची पट्टी दिली मद्रासने, आणि त्या विषाची मोरी सापडली इस्रायलमध्ये. यात मला वैषम्य नाही, पण नोंद करावीशी वाटते.

२०२३ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स केंद्रातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी लाखोळीचा सगळा जनुकसंच वाचून छापला. तो साडेसहा अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या दुप्पट! धानाचा जेमतेम चाळीस कोटींचा. बांधीत निमूट उभ्या असलेल्या या वेलीच्या पोटात एवढे मोठे पुस्तक असेल असे कोणाला वाटले असते? त्यांना दिसले की शेवटची पायरी दोन एन्झाइम मिळून करतात. एक ऑक्झलेटला, म्हणजे अळू खाजवते त्यामागच्या आम्लाला, कामाला जुंपतो. दुसरा त्याला अमिनो आम्लावर चढवतो. दोघे एकमेकांना धरून असतात तेव्हाच माल भरपूर निघतो.

आता इथे कात्री कुठे चालवायची? पहिला एन्झाइम बंद केला तर ऑक्झलेट साचेल. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये तो बंद पाडल्यावर झाड एका बुरशीला जास्त बळी पडते असे दिसले आहे. दुसरा बंद केला तर त्याच्या मागचे तळे तुंबेल, आणि त्या तळ्यातला पदार्थही निरुपद्रवी आहे असे गृहीत धरता येत नाही. दोघांमधली पकड तेवढी सैल केली तर? हे प्रश्न शेतात एकेक वाण वाढवून सोडवायचे तर पिढी जाईल. मॉडेलमध्ये ते आधी चालवून बघता येतात आणि दहा वाटांपैकी सात बाद करता येतात. उरलेल्या तीन शेतातच कराव्या लागतात. सगळेच संगणकावर होईल असे सांगणाऱ्यापासून सावध राहा.

गुरुजींचा दुसरा प्रश्न आठवा: कशात मोजलेस, कधी मोजलेस? देशी लाखोळीत ओडॅप शेकडा ०.१ पासून २.५ पर्यंत सापडल्याच्या नोंदी आहेत. 'कमी विषाचे' वाण म्हणजे ०.१ च्या आसपास किंवा खाली. पण ते वाण कुठे पेरून मोजले? पाण्याचा ताण पडला की ओडॅप वाढते. जमिनीत जस्त कमी असले तर वाढते. बेल्जियमच्या फर्नांड लांबें आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच जस्ताचे हे दाखवले. आणि जस्ताची कमतरता कुठे पडते? पाणी साचवून धान घेतलेल्या बांधीत. म्हणजे आपला उतेरा हा ओडॅप वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टींचा संगम आहे: खाली जस्त कमी झालेली बांधी, वर फेब्रुवारीची आटत जाणारी ओल. दिल्लीत किंवा रायपुरात मोजलेला आकडा थैलीवर छापून आला आणि आपण तो सावली तालुक्याला लागू धरला, तर ते उत्तर 'पाच' इतकेच राहते. वाण हा मोरीचा आकार आहे. पाणी दरसाल वेगळे येते. ही पातळी म्हणजे दाण्याचा कायमचा गुणधर्म, असे समजून आधी बंदी घातली गेली आणि तसेच समजून ती शिथिल केली गेली. मला दोन्ही निर्णयांत एकच चूक दिसते.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या म्हणून बाजूला काढल्या आणि त्यातून एचएमटी हा धानाचा वाण उभा केला. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, नुसत्या नजरेने. मी या जिल्ह्यात कुठेही बोललो तरी त्यांचे नाव घेतोच. पण दादाजींची नजरही इथे चालली नसती. दाणा बारीक आहे हे दिसते, भात मऊ होतो हे जिभेला कळते. ओडॅप दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. ते मोजावेच लागते.

कोणीतरी विचारणारच, मग लाखोळी खावी की नाही? खावी. भाताबरोबर, इतर डाळींबरोबर, भिजवून, पाणी टाकून. महिनोन् महिने तीच आणि तेवढीच खायची वेळ कोणावर येऊ नये, आणि ते पाहणे रसायनशास्त्राचे नव्हे, रेशन दुकानाचे आणि रोजगार हमीचे काम आहे.

मोजणे मात्र आपले काम आहे, आणि ते अवघड नाही. ज्या रावांनी १९६४ मध्ये ओडॅप वेगळे काढले, त्यांनीच १९७८ मध्ये ते मोजायची सोपी रीत दिली. दाण्याचा अर्क क्षारासोबत तापवायचा, एक रसायन घालायचे, पिवळा रंग येतो. तो किती गडद, ते साध्या कलरीमीटरवर वाचायचे. या रीतीत ओडॅपची विषारी आणि जवळजवळ निरुपद्रवी अशी दोन रूपे एकत्र मोजली जातात, हा तिचा दोष आहे. तरी सुरुवातीला ती पुरे. असा कलरीमीटर या सभागृहापासून हाकेच्या अंतरावरच्या महाविद्यालयात झाकण घालून ठेवलेला मी आज दुपारीच पाहिला.

तेव्हा विनंती एवढीच. या वर्षी ज्यांच्या बांधीत उतेरा आहे त्यांनी झोडपणी झाल्यावर पसाभर लाखोळी कागदी पिशवीत घालावी आणि पिशवीवर चार गोष्टी लिहाव्यात: गावाचे नाव, बी घरचे की विकतचे, धानाला जस्त दिले होते का, आणि पेरणीनंतर पाऊस झाला का. पिशवी रसायनशास्त्र विभागात पोचवावी. विभागाच्या प्राध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे, ते घ्यायला तयार आहेत. शंभर पिशव्या जमल्या तर पुढचे गणित मी करून देईन.